जिनवाला कारागीर, अन् मोहवाली गुन्हेगार?

रविवारी पुंडलिकनगरातच एका दोस्ताकडं जेवायला होतो. गोव्याहून आणलेली जिनची बाटली त्यानं नवसाच्या पोरासारखी जपून बाहेर काढली. म्हणाला, "क्राफ्ट आहे भाऊ, स्मॉल बॅच!" मी पीत नाही, पण पत्रकाराची खोड जात नाही. हे क्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

तर ऐका. बहुतेक जिनवाले धान्याचं किंवा मळीचं तयार स्पिरिट विकत आणतात, साधारण 96 टक्क्यांचं. त्यात ज्युनिपरची फळं, म्हणजे आयुर्वेदातली हपुषा, धने, लिंबा-संत्र्याच्या साली भिजवतात. तांब्याच्या भांड्यात पुन्हा उकळून वाफ थंड करतात. पहिली आणि शेवटची धार बाजूला, मधली तेवढी ठेवायची. मग पाणी घालून 42.8 टक्क्यांच्या आसपास आणायची. झाली जिन. 2017 मध्ये गोव्यातून 'ग्रेटर दॅन' आली, पाठोपाठ 'हपुसा', 'स्ट्रेंजर अँड सन्स'. यात कौशल्य आहे, मी नाकारत नाही.

आता नंदुरबारची किंवा मेळघाटातली आदिवासी बाई बघा. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे उठून मोहाची फुलं वेचते, वाळवते, भिजवते, आंबवते, मग मडक्यात उकळून धार काढते. म्हणजे जिनवाला स्पिरिट विकत आणून त्याला वास देतो, आणि ही बाई फुलापासून दारू स्वतः करते. सांगा, खरं क्राफ्ट कुणाचं?

पण जिनवाला ब्रँड होतो आणि विकायला धार काढली की 1949 चा दारूबंदी कायदा हिच्या दारात येतो. भट्टी फोडली, फोटो काढला, बातमी आली. असल्या बातम्या मीही छापल्यात, कबूल करतो.

कुणी म्हणेल, गावठी दारूनं माणसं मरतात. मरतात ना! 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर गेली. पण ती मिथेनॉलनं गेली, मोहाच्या फुलानं नाही. चोरून विकावं लागतं तिथंच भेसळ शिरते. तपासणी करायची तर आधी परवाना द्यावा लागेल.

हे अशक्य नाही. गोव्यानं काजू फेणीला 2009 मध्ये जीआय मिळवलं, 2016 मध्ये वारशाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशानं 2022 मध्ये आदिवासी बचतगटांसाठी मोहाच्या दारूचं हेरिटेज धोरण आणलं. आणि आपण? अजून भट्ट्या फोडतोय.

गैरसमज नको. दारूनं मोडलेली घरं आपल्या गल्लीतही आहेत. गडचिरोलीत बाया-माणसांनी लढून 1993 मध्ये दारूबंदी मिळवली, तिला कुणी हात लावू नये. जिथं गावाला नको, तिथं नकोच. पण जिथं दारू विकलीच जाते, तिथं काचेच्या बाटलीला सलाम आणि मडक्याला लाथ, हा कुठला न्याय?

मागणी साधी आहे: ग्रामसभेची संमती, बचतगटाला परवाना, प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी आणि पैसा त्या बाईच्या खात्यात.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.