पंख लाभलेला वैद्य

ऑस्ट्रेलियाच्या लष्करी विमानदलाचा इतिहास चाळू लागले, की युद्धात बळी पडलेला त्याचा पहिला वैमानिक म्हणून एका डॉक्टराचे नाव समोर येते. ते नाव जॉर्ज पिनॉक मर्झ.

मर्झचा जन्म १८९१ चा. १९१४ मध्ये त्याने मेलबर्न विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, महायुद्धाला तोंड लागते न लागते तोच, पॉइंट कुक येथील लष्करी विमानविद्यालयाचा पहिला वर्ग भरला. विद्यार्थी अवघे चार. त्यांतला एक मर्झ.

१९१५ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेसाठी ऑस्ट्रेलियाकडे वैमानिकांची मागणी केली. ही मोहीम आपल्यालाही अगदीच परकी नाही. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी तेथे लढत होत्या. पेट्री, व्हाइट, ट्रेलोर आणि मर्झ हे चौघे अधिकारी मे महिन्याच्या अखेरीस बसऱ्यास दाखल झाले. त्यांच्या वाट्याला आली ती मॉरिस फार्मन जातीची जुनी विमाने. त्यांचा वेग ताशी सुमारे पन्नास मैल. वाळवंटातील ‘शमाल’ वारा समोरून सुटला, की विमान पुढे जाण्याऐवजी मागे ढकलले जाई! तरीही शत्रूच्या हालचाली टिपण्याचे काम या यंत्रांवरच चाले.

जुलैमध्ये दोन कॉड्रॉन विमाने आली. त्याच महिन्याच्या अखेरीस नासिरिया शहर ब्रिटिश-हिंदी फौजेच्या हाती पडले. जखमींची संख्या मोठी होती. वैमानिक म्हणून तेथे गेलेला मर्झ तेव्हा पुन्हा डॉक्टर झाला आणि त्यांच्या शुश्रूषेला लागला.

३० जुलै रोजी तो न्यूझीलंडच्या लेफ्टनंट बर्नसह कॉड्रॉनमधून परत निघाला. वाटेत इंजिनाने दगा दिला आणि विमान वाळवंटात उतरवावे लागले. सशस्त्र अरबांनी दोघांना गाठले. हाती केवळ पिस्तुले. त्यांच्या बळावर झुंजत ते कित्येक मैल मागे हटत राहिले. अखेर दोघेही ठार झाले. पुढे मोडतोड केलेले विमान सापडले, देह मात्र कधीच मिळाले नाहीत. मर्झचे वय चोविशीच्याही आत होते.

त्याचे नाव आज बसऱ्याच्या स्मारकावर आहे. ते पहिला हुतात्मा वैमानिक म्हणून वाचले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु मरणापूर्वीच्या दिवसांत त्याने नासिरियात जखमींसाठी जे केले, त्याचीही आठवण त्या नावाबरोबर राहावी. विमान चालविण्यास शिकला, म्हणून वैद्याचा धर्म त्याने खाली ठेवला नव्हता.