मांडव लहान करून भागणार नाही

लग्नाला किती पाहुणे बोलवावेत, डीजे लावावा की सनई-चौघड्यावर भागवावे, प्री-वेडिंगची चित्रफीत मांडवात दाखवावी की नाही, यावर 2025 मध्ये गावोगाव खल सुरू झाला. पुण्याजवळच्या एका विवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला आणि मराठा समाजातील धुरिणांनी अहिल्यानगरात एकत्र बसून विवाहाची आचारसंहिता ठरवली. बैठक घेणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. मुलीच्या लग्नासाठी बाप जमिनीचा तुकडा विकतो, त्या समाजात कुणीतरी उभे राहून ‘आता पुरे’ म्हणायलाच हवे होते. पण ज्या मृत्यूने ही जाग आणली, तो पाहुणे जास्त झाल्यामुळे ओढवलेला नाही. ती मुलगी लग्नाच्या दिवशी मेली नाही, लग्नानंतर दोन वर्षांनी मेली. त्या दोन वर्षांत तिचे काय चालले आहे हे किती जणांना ठाऊक होते आणि ठाऊक असूनही किती जण गप्प बसले, हा खरा प्रश्न आहे. मांडव किती मोठा असावा, या चर्चेत तो बाजूला पडता कामा नये.

गुन्हा कुणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवेल. समाजाचा निवाडा करायला मात्र न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही. पन्नास तोळ्यांहून अधिक सोने, चांदीची भांडी आणि महागडी गाडी दिल्याचे मुलीच्या वडिलांनीच सांगितले. त्या गाडीची चावी तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्यांच्या हस्ते दिली गेली, हेही सगळ्यांनी पाहिले. त्याच घराविरुद्ध आधीही तक्रार झाली होती, हे नंतर उघड झाले. तक्रार कागदावर राहिली आणि लग्नाच्या छायाचित्रांना प्रसिद्धी मिळाली. आपण कशाला महत्त्व देतो, याचा याहून लखलखीत पुरावा कोणता हवा? लग्नाचा दिवस सगळ्या गावाचा, तालुक्याचा, पक्षाचा असतो. त्यानंतरचे सगळे दिवस त्या मुलीचे एकटीचे असतात. त्या दिवसांची आचारसंहिता कोण लिहिणार?

पुढाऱ्यांविषयी बोलायलाच हवे, कारण मोठ्या लग्नाला प्रतिष्ठा त्यांच्यामुळे येते. मुहूर्त टळून जातो, उपाशी लहान मुले कंटाळून रडतात आणि मंचावर आमदार-खासदारांची आशीर्वादपर भाषणे चालू राहतात. अमुक नेता लग्नाला आला म्हणजे घराण्याचे वजन वाढले, असा हिशेब पक्का झाला आहे. 2013 मध्ये राज्यात दुष्काळ असताना चिपळूणला एका मंत्र्याच्या घरचे लग्न असे झाले, की शरद पवारांना आपल्याच पक्षाच्या त्या मंत्र्याची जाहीर कानउघाडणी करावी लागली. माफी मागितली गेली, चार दिवस चर्चा झाली आणि पुढच्याच लग्नसराईत मांडव आणखी मोठे झाले. नेत्यांनी खरोखर मनावर घेतले, तर त्यांना आचारसंहितेचीही गरज नाही. देणेघेणे झालेल्या लग्नाला जाणार नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक पक्षाच्या तालुकाध्यक्षापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांनी पाळावे. ते पाळले जात नाही, कारण लग्नाचा मांडव ही मतदारांची फुकटात भरलेली सभा असते.

हुंडा हा शब्द आता बैठकीत कुणी उच्चारत नाही. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या’, ‘फक्त लग्न चांगलं करून द्या’, ‘आमच्या पाहुण्यांचा मानपान तेवढा व्हावा’ ही आजची भाषा आहे. याद्या करताना सगळे हसतमुख असतात. मुलगा नोकरीला असेल तर एक भाव, शेती बागायती असेल तर दुसरा, शहरात स्वतःचे घर असेल तर तिसरा. लग्न उरकले तरी देणे संपत नाही. दिवाळसण येतो, डोहाळजेवण येते, बारसे येते. अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावून त्याच्या हातावर चांदी-सोने ठेवायचे असते. सराफांच्या जाहिराती तेव्हा जावयाच्या वाणाने भरलेल्या असतात आणि किती सासरी त्या वाणाच्या वजनावरून सुनेला टोमणे बसतात, हे त्या सुनांनाच ठाऊक. आचारसंहितेत हुंड्याला बंदी आहे, ती योग्यच आहे. पण हुंडा आता एका दिवसाचा व्यवहार राहिलेला नाही, तो वर्षानुवर्षांचा हप्ता झाला आहे. पाहुण्यांच्या यादीला कात्री लावून तो हप्ता थांबत नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे. त्यात घेणाऱ्याइतकाच देणाराही दोषी धरला आहे आणि किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. 1985 च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करून त्यावर सह्या घ्यायच्या असतात. महाराष्ट्रात अशी यादी किती घरांत सापडेल? आहेराच्या पाकिटांची वही मात्र प्रत्येक घरात जपून ठेवलेली असते, कारण तो आहेर परत करायचा असतो. विवाहितेच्या छळाचे कलम 1983 मध्ये आले, हुंडाबळीचे 1986 मध्ये आले. तरीही देशात दरवर्षी सहा हजारांहून अधिक हुंडाबळींची नोंद होते. कायद्याचा गैरवापर होतो, अशी ओरड प्रत्येक घटनेनंतर ठरलेली असते. खोट्या तक्रारी करणाऱ्यांना जरूर शिक्षा व्हावी. पण एखादी मुलगी गेल्यावर तिसऱ्या दिवशी हा विषय काढणाऱ्यांना त्या सहा हजारांविषयी काय वाटते, तेही त्यांनी एकदा सांगावे.

मूळ दुखणे वेगळेच आहे. मुलगी एकदा दिली की दिली, ही आपल्या समाजाची सर्वांत घट्ट चौकट आहे. लग्नात जावयाचे पाय धुणारा बाप सहा महिन्यांनी मुलीचा रडवेला फोन आल्यावर म्हणतो, ‘जरा दमानं घे, सगळं ठीक होईल.’ आई म्हणते, ‘आम्हीपण काढलंच की.’ मामा येतो, मध्यस्थ येतात, सासरच्यांसमोर हात जोडले जातात आणि मुलीला पुन्हा त्याच गाडीत बसवून परत पाठवले जाते. ती दोनदा, तीनदा, चारदा परत आलेली असते. प्रत्येक वेळी तिला परत पाठवणारे तिच्या रक्ताचे लोक असतात. त्यांचे तिच्यावर प्रेम नसते असे कोण म्हणेल? त्यांना भीती असते ती भावकीची. धाकटीचे लग्न जमणार नाही, गावात चर्चा होईल, ‘परत आलेली’ असा शिक्का बसेल. मुलीच्या आईने सारखे फोन केल्यामुळे संसार मोडतात, असे अलीकडे व्याख्यानांतून आणि कीर्तनांतूनही सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी जबाबदारीने बोलावे. मार खाणाऱ्या मुलीला आईचा फोन हाच एकमेव दरवाजा असतो आणि तोही बंद करायला तुम्ही सांगता आहात.

खर्च कमी करण्याचा ठराव हजार लोकांच्या टाळ्यांत मंजूर होतो. छळाला कंटाळून परत आलेल्या मुलीला समाज मानाने वागवेल, तिला परत पाठवणाऱ्या मध्यस्थाला बैठकीत बसू देणार नाही, सुनेला मारणाऱ्या घराशी कुणी सोयरीक करणार नाही, असा ठराव का होत नाही? तसा ठराव केला तर बोट आपल्याच ओळीत बसलेल्या माणसाकडे जाईल, म्हणून होत नाही. डीजेविरुद्ध बोलणे सोपे आहे, डीजेला भावकी नसते.

दुसरी गोष्ट जमिनीची. मुलीच्या लग्नात वीस-पंचवीस लाख उडवताना बाप मागेपुढे पाहत नाही, पण सातबाऱ्यावर तिचे नाव लावायचे म्हटले की घरात भूकंप होतो. लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली. 2005 मध्ये तो हक्क देशभरातील मुलींना मिळाला. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलासुरला संभ्रमही दूर केला: हा हक्क मुलीला जन्माने मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि गावात काय होते? वडील गेले की दिवस संपताच भाऊ बहिणींना गाडीत बसवून निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. जी सही करते ती गुणाची. जी वाटा मागते, तिचे माहेर तुटते, तिची भाऊबीज बंद होते. ‘तुझ्या लग्नात केला की एवढा खर्च,’ हे उत्तर तिच्या तोंडावर फेकले जाते. त्या खर्चातले तिच्या हातात काय उरले? मांडववाल्याचे पैसे मांडववाल्याकडे गेले, केटररचे केटररकडे, गाडी नवऱ्याच्या नावावर आणि दागिने सासूच्या कपाटात. जमीन तिच्या नावावर असती, तर परत येताना तिला भावाच्या दारात आश्रितासारखे उभे राहावे लागले नसते. सासरच्यांनाही तिच्यावर हात उचलताना विचार करावा लागला असता.

याच महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला महिलांचे विशाल अधिवेशन घेतले. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. धोतर-टोपीतल्या, फारसे न शिकलेल्या माणसांनी ते करून दाखवले. आज पदवीधर पिढी ड्रोनने लग्नाचे चित्रीकरण करते आणि बहिणीकडून हक्कसोड लिहून घेते.

याचे परिणाम लग्नाच्या मांडवापुरते राहिलेले नाहीत. 2017 मध्ये लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या लग्नाचा खर्च वडिलांना झेपणार नाही म्हणून जीव दिला. मुलगी म्हणजे खर्च, हे समीकरण तिला तिच्या बापाने शिकवले नव्हते, आजूबाजूच्या प्रत्येक लग्नाने शिकवले होते. याच समीकरणापोटी गर्भातच मुली मारल्या गेल्या. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात तर 807. त्यांच्या बरोबरीचे मुलगे आता लग्नाच्या वयाचे होऊ लागले आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेले तरुण घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, आम्हाला मुली मिळवून द्या म्हणून. एकीकडे मुलगी मिळत नाही म्हणून मोर्चा निघतो आणि दुसरीकडे मिळालेल्या मुलीकडून गाडी हवी असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ही लग्ने बहुतेक साधीच असतात, चार पाहुण्यांत उरकलेली. साधे लग्न म्हणजे न्याय्य लग्न नव्हे, हे या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

आचारसंहिता लिहिणाऱ्यांनी दूर कुठे जाण्याची गरज नाही. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह लागला. तो बिनाहुंड्याचा होता, अत्यल्प खर्चाचा होता आणि त्याच्या व्यवस्थेत सावित्रीबाईंचा पुढाकार होता. खर्च कमी करून जोतीराव फुले थांबले नाहीत. त्यांनी मंगलाष्टकेच अशी रचली, की त्यांत वधू वराकडे स्त्रीच्या हक्काची मागणी करते आणि वर तसे वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळले होते, की मांडव लहान करणे आणि मुलीचा हक्क मोठा करणे ही दोन कामे एकत्रच करायची असतात. आपण त्यातले पहिले तेवढे उचलले आहे आणि तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. दुसऱ्याला हात घालायची हिंमत अजून झालेली नाही.

हौस सगळ्यांनाच असते आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याने चार दिवस आनंद करू नये, असे कुणी म्हणत नाही. पण शेजाऱ्याने केले म्हणून कर्ज काढून केलेल्या लग्नात आनंद कुणाचाच नसतो. बापाला हप्त्यांची चिंता असते, आईला व्याह्यांच्या रुसव्याची, आणि मुलगी त्या साऱ्याचे ओझे घेऊन उंबरठा ओलांडते. छळ सुरू झाल्यावर ती तोंड उघडत नाही, ते याच ओझ्यामुळे: एवढा खर्च करून दिलेले लग्न मोडले असे कसे सांगायचे? प्रचंड खर्चाचा सर्वांत मोठा तोटा पैशांचा नाही, तो या गप्प बसण्याचा आहे.

तेव्हा पुढची बैठक जिथे होईल, तिथे पहिल्या रांगेत मुली बसू द्या. लग्न झालेल्या, परत आलेल्या, नवऱ्याशी भांडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या, सगळ्या बसू द्या आणि ठराव त्यांना लिहू द्या. लग्नात अडकणारा पैसा तिच्या शिक्षणात घाला किंवा तिच्या नावाच्या ठेवीत ठेवा. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेणाऱ्या भावाला समाजाचा पदाधिकारी करू नका. आणि ज्यांच्या मुली सासरी आहेत, त्या आईबापांनी आज रात्री फोन उचलावा, मुलीला स्वच्छ शब्दांत सांगावे: काहीही झाले तरी हे घर तुझे आहे, आणि तू परत आलीस तर आमची मान खाली जाणार नाही.