पांडुरंगाला पांडू म्हटले तर

पांडुरंग, विठ्ठल, नारायण, जनार्दन, गजानन ही नावे आता मुलांना का ठेवत नाहीत, असे वसई-विरारमध्ये कुणालाही विचारा. नाव वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. 'नाव छानच आहे, पण पोरं त्याचं काय करतील?' हेच उत्तर मिळेल. पांडुरंगाचा पांडू होईल, नारायणाचा नाऱ्या, विठ्ठलाचा विठ्या, जनार्दनाचा जन्या. म्हणून ज्याचे काही करताच येणार नाही असे दोन-तीन अक्षरी नाव शोधायचे. विरारला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या घरी सध्या हाच वाद चालू आहे. तिला आणि तिच्या नवऱ्याला मुलाचे नाव पांडुरंग ठेवायचे आहे. ते आगाशीला वाडी करणाऱ्या पणजोबांचे नाव. दोघांचे ठरले आहे, पण नातेवाईक आणि मित्र अडवतात. मी या दोघांच्या बाजूचा आहे, आणि अडवणाऱ्यांचे एकेक म्हणणे मला तपासून पाहायचे आहे.

पहिले म्हणणे सर्वांत जोरात मांडले जाते: पांडू म्हणजे हवालदार. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' 1975 साली आला आणि पोलीस शिपायाला मागून 'पांडू' म्हणायची सवय महाराष्ट्राला लागली. 2021 मध्ये 'पांडू' याच नावाचा आणखी एक चित्रपट आला. हे सारे खरे आहे. पण त्यातून काय सिद्ध होते? एका गाजलेल्या चित्रपटाने एका नावाला हसण्याची सवय लावली, एवढेच. त्याच नावाची दुसरी माणसे आपण विसरलो, हा दोष आपला. पांडुरंग सदाशिव साने म्हणजे साने गुरुजी. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे दलितांना उघडावीत म्हणून 1947 साली उपोषणाला बसले ते हेच. पांडुरंग वामन काणे धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत राहिले आणि 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पांडुरंग महादेव बापट यांनी मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला आणि ते सेनापती झाले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले लाखो लोकांचे 'दादा' झाले. एका नावाची ही चार माणसे. हे नाव मुलाला देणाऱ्या आईबापांना लोकांनी हवालदाराची भीती घालावी याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि हवालदार असण्यात कमीपणा तरी कुठला? रात्रपाळी करून पहाटेच्या लोकलने नालासोपाऱ्याला परतणाऱ्या शिपायाच्या मुलाने 'पांडू' हा शब्द ऐकून मान खाली का घालावी? जो शब्द कष्टाच्या नोकरीची टर उडवायला वापरला जातो, त्याला घाबरून देवाचे नाव टाकून देणे म्हणजे टर उडवणाऱ्यांनाच बळ देणे. शिवाय आजच्या पोरांचे कान वेगळे आहेत. 'पांड्या' म्हटले की त्यांना आधी हार्दिक आठवतो. वसई-विरारच्या सोसायट्यांत तर हे गुजराती आडनाव पाटीवरही दिसते.

दुसरे म्हणणे असे की छोटे नाव सुरक्षित. हे साफ चूक आहे, आणि त्याचा पुरावा कुठल्याही मैदानावर संध्याकाळी मिळतो. आरवचा आऱ्या होतो, अथर्वचा अथऱ्या, विवानचा विव्या. मराठीत हाक मारताना नाव वाकतेच. जवळच्याला हाक मारायची तर शेवटी 'या', 'ऊ' किंवा 'बा' लावायचा, हा भाषेचा स्वभावच आहे, आणि त्यातून कोणतेही नाव सुटत नाही. एका वर्गात चार आरव असले की त्यांना आडनावानेच हाक मारली जाते. म्हणजे इतक्या विचाराने ठेवलेले नाव शाळेच्या दारातच गळून पडते. टोपणनावातून सुटका कोणाचीच नाही. प्रश्न इतकाच की टोपणनावाच्या मागे उभे असलेले नाव किती भरभक्कम आहे. पांडुरंगाचा पांडू होतो, पांडोबा होतो, पांडबा होतो, रंगा होतो, पंढरीही होतो. पुढे पांडूदादा, पांडूकाका आणि वय झाले की पांडुरंगराव. आईची हाक वेगळी, मित्राची वेगळी, धाकट्या भावाची वेगळी, कचेरीतली वेगळी. एवढ्या नात्यांना पुरेल इतकी जागा दोन अक्षरी नावात मला सापडत नाही.

वसईकरांनी तर टोपणनावाला बिचकायलाच नको. ज्याने 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्याला आपण चिमाजी अप्पा म्हणतो. 'अप्पा' ही घरातली हाक, पण किल्ल्याजवळच्या स्मारकाला तीच शोभते. त्याच्या घरात ही रीतच होती. थोरल्या भावाचे जन्मनाव विसाजी, जग त्याला बाजीराव म्हणते. पुतण्याचे नाव बाळाजी, तो नानासाहेब. मुलगा सदाशिवराव, तो भाऊ. आजोबांचे नाव नातवाला द्यायचे आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, अशा घरांतून टोपणनाव ही चैन नव्हती, गरज होती. नाव पुढच्या पिढीत टिकायचे ते त्याच्याच आधाराने. सुनेच्या तोंडावरचे ते बंधन गेले, हे फार चांगले झाले. पण त्यातून जन्मलेल्या नाना, भाऊ, अप्पा, दादा, तात्या या हाका अजून आपल्या आहेत. लोकमान्यांचे जन्मनाव केशव, घरात म्हणत बाळ; ते 'बाळ गंगाधर टिळक' म्हणूनच इतिहासात गेले. केशव हे नाव त्यामुळे वाया गेले असे मला वाटत नाही.

वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतही हेच घडले. 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज इथे राहिले. बाप्तिस्म्याला लाभलेली त्यांच्याकडची नावे आपल्या लोकांनी जिभेवर घोळवून जुझे, मानवेल, पेद्रू अशी करून घेतली. परक्या मुलखातून आलेले नाव या वाकण्यामुळेच घरचे झाले. या वसईने जगाला संत गोन्सालो गार्सिया दिला. तो 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झाला आणि 1862 मध्ये संतपदाला पोचला. गोन्सालो हे नावही सोपे नाही, तरी ते कोणी टाकून दिले नाही.

आता एक हरकत अशी आहे की तिच्यापुढे मी थांबतो, कारण तिच्यात दुखणे खरे आहे. गावगाड्यात 'पंत' आणि 'राव' काहींच्याच वाट्याला आले आणि 'या' इतरांच्या. सावकाराचा आठ वर्षांचा पोरगा साठीच्या गड्याला 'म्हाद्या' म्हणून हाक मारी आणि गडी 'जी' म्हणून उभा राही. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या कुळांनी आणि आदिवासींनी हे पिढ्यान्पिढ्या सोसले. ज्यांच्या आजोबांना असे हाकारले गेले, त्यांनी आपल्या मुलासाठी कोणालाही मोडता-तोडता येणार नाही असे नाव शोधले तर मी त्यांना शब्दाने दुखावणार नाही. त्यांचा निर्णय त्यांचा. पण ही हरकत जेव्हा ज्यांच्या घरात कधी कोणाला अशी हाक ऐकावी लागली नाही असे लोक पुढे करतात, तेव्हा मला उत्तर द्यावेसे वाटते. अपमान 'या' मध्ये नव्हता. तो एकतर्फी असण्यात होता: एकाने 'म्हाद्या' म्हणायचे आणि दुसऱ्याने उलट तसे म्हणायचे नाही, यात होता. विरार लोकलच्या भजनी डब्यात एक दुसऱ्याला 'अरे पांड्या, टाळ घे' म्हणतो आणि दुसरा त्याला 'दे रे गण्या' म्हणतो, तेव्हा तोच 'या' बरोबरीचा असतो. नाव बदलून उर्मटपणा जात नाही. उर्मट माणूस साहेब म्हणतानाही हिणवू शकतो.

आणि 'या' हा कमीपणाचाच, हे म्हणणे आपल्याच जिल्ह्यात टिकत नाही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिव्या हे त्यांचे टोपणनाव नव्हते, तेच त्यांचे नाव होते. ते बदलून 'जीवनराव' वगैरे करावे असे त्यांना वाटले नाही, आणि त्यांच्या चित्रांपुढे उभे राहणाऱ्या कोणालाही त्या नावात उणे वाटले नाही. ज्या जिल्ह्यात जिव्या या नावाला एवढा मान मिळाला, त्याच जिल्ह्यात पांड्या या हाकेला घाबरायचे?

माझी खरी भिस्त मात्र संतांवर आहे. तुकाराम, एकनाथ, नामदेव, चोखामेळा ही सगळी भरदार नावे; पण अभंगात स्वतःची मुद्रा घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिहिले तुका, एका, नामा, चोखा. घरी आईने मारली असेल अशी हाक त्यांनी अभंगाच्या शेवटी ठेवली. मोठे नाव असूनही देवापुढे त्यांना लहानच व्हायचे होते. जनाबाई त्याच्याही पुढे गेली. तिच्या नावावरच्या एका अभंगात ती साक्षात पंढरीच्या देवाला 'विठ्या' म्हणते, त्याच्याशी भांडते. शेकडो वर्षे वारकरी हे गात आहेत आणि त्यात कोणाला देवाचा अपमान दिसला नाही. जो देव स्वतः विठ्या म्हणवून घेतो, त्याचे नाव धारण करणाऱ्या पोराला कोणी पांड्या म्हटले तर त्याच्या आईबापाने का खंतावावे? ज्याला आपण फार जवळचा मानतो त्यालाच आपण असे हाकारतो. माझ्या मते पारंपरिक नावाचे सर्वांत मोठे वैभव हेच आहे: ते जपमाळेतही चालते आणि भांडणातही.

परंपरेच्या नावाखाली होणारी एक चूकही सांगितली पाहिजे. नाव पांडुरंग ठेवून पुढे 'पूर्ण नावानेच हाक मारायची, पांडू म्हणायचे नाही' असा दंडक घालणारी घरे मी पाहिली आहेत. अशा घरात मूल मित्रांना घरी आणायला कचरते. जे टोपणनाव घरात प्रेमाने वापरले जाते ते बाहेर चिडवायला वापरता येत नाही, कारण ते मुलाला आधीच आवडू लागलेले असते. म्हणून पाळण्यात असतानाच पांडू म्हणा, रंगा म्हणा, जे जिभेवर येईल ते म्हणा. दुसरी चूक नाव लादण्याची. पणजोबांचे नाव हवे म्हणून बापाकडच्या मंडळींनी आईला गप्प करून ते ठेवले, तर त्या नावाला मी पारंपरिक म्हणणार नाही, जबरदस्तीचे म्हणेन. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव येते. आईचे नाव मुलाच्या नावाला लागूनच उभे राहणार असेल, तर त्या नावावर तिचे मत आधी घेतले पाहिजे. माझ्या भाचीच्या घरी हे आधी घेतले गेले, म्हणूनच मी तिची बाजू एवढ्या जोराने मांडतो आहे.

इंग्रजी शाळेचे काय, परदेशात काय, हे प्रश्न मला फार वेळ देण्याजोगे वाटत नाहीत. पांडुरंगात ना 'ज्ञ' आहे, ना 'ळ'. रोमन लिपीत ते अक्षरागणिक उतरते आणि वाचणारा जवळपास बरोबर वाचतो. विरारमध्ये वाढलेला एक मुलगा गोविंदा हे नाव घेऊन 1980 च्या दशकात हिंदी सिनेमात उतरला आणि देशभर लाडका झाला. घरात त्याला ची ची म्हणत, तेही लोकांनी आपलेसे केले. गोविंद हे नाव त्या काळातही कोणी नवे म्हणत नव्हते.

उरली शेवटची शंका, मुलगा मोठा होऊन 'हे काय नाव ठेवलेत' म्हणाला तर? म्हणू दे. नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्ध करून ते रीतसर बदलता येते, आणि त्याने तसे केले तर त्याच्या आईबापाने ते मनापासून मान्य करावे. पण पंचवीस वर्षांनंतरच्या एका संभाव्य नाराजीसाठी आज आवडलेले नाव टाकू नये. घाईही नाही. जन्माची नोंद झाल्यावर बारा महिन्यांच्या आत मुलाचे नाव विनाशुल्क नोंदवता येते, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते घालता येते. तेवढ्या मुदतीत अडवणाऱ्या नातेवाइकांनाही पांडू म्हणायची सवय होईल.