पॅडल आपल्या हाताचं

आमच्या सोसायटीतल्या बॅडमिंटन कोर्टावर गेली दोन वर्षं फूल उडालेलं नाही. सकाळी सहाच्या ठोक्याला तिथे टॉक-टॉक सुरू होतं आणि पहिल्या मजल्यावरची बिऱ्हाडं खिडक्या लावून घेतात. पिकलबॉल आमच्याकडेही येऊन पोहोचला आहे. त्याला वेगळी जागा लागत नाही. ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद हे बॅडमिंटनच्या दुहेरीचंच माप. ज्या बॅडमिंटनला एके काळी चक्क 'पूना' म्हणत, त्याच्याच अंगणात हा अमेरिकी पाहुणा बिऱ्हाड करून बसला, याची आम्हा पुणेकरांना गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

आम्ही उभयता निवृत्त. गुडघ्यांना झेपेल आणि दोघांना एकत्र खेळता येईल, असं काहीतरी हवं होतं. सर्व्हिस कमरेखालून, जाळी मधोमध ३४ इंचांची, धावपळ बेताची. खेळ आठवडाभरात अंगवळणी पडला. फसलो तो पॅडल घेताना. फसवणूक दुकानदाराने केली नाही, ती माझी मीच केली. पण त्यानंतर निदान दहा-बारा समवयस्कांना त्याच खड्ड्यात उतरताना पाहिलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मुळात ही वस्तू अगदी घरगुती. १९६५ साली सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी बॅडमिंटनचं पुरेसं सामान सापडेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे स्नेही बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन पोराबाळांना खेळायला लावलं. बार्नी मॅकॅलम या शेजाऱ्याने मग आपल्या करवतीवर प्लायवुडची पॅडल्स कापली. पुढे १९८४ साली आर्लन परांटो या बोइंग कंपनीतल्या इंजिनिअरने विमानात वापरतात तशा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ फळीचं पॅडल बनवलं. आजची महागडी पॅडल्स ही त्याचीच नातवंडं. आत पोळं, वर फायबरग्लास किंवा कार्बनचा पातळ पापुद्रा.

दुकानात गेलो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कोर्टावरचा एक पंचविशीतला मुलगा होता. काय तो त्याचा फटका! मी त्याच्यासारखंच पॅडल मागितलं: लांबट, खरखरीत कार्बनचं, १३ मिलिमीटर जाडीचं, वजनाला चांगलं २४० ग्रॅम. सौ.ने शेजारचं रुंद, १६ मिलिमीटरचं, २२० ग्रॅमचं उचललं. का, तर हातात बरं वाटलं म्हणून. किमतीत माझं तिच्या तिप्पट. घरी येताना मी तिला पॅडलचं शास्त्र समजावत होतो, हे आता आठवलं की कानशिलं तापतात.

दीड महिन्यात माझं कोपर गेलं. दाराची कडी काढताना कळ, चहाचा कप उचलताना कळ. अस्थिरोगतज्ज्ञांनी 'टेनिस एल्बो' असं निदान करून खेळ बंद केला. पुढचे दोन महिने मी बाकावर बसून पाहत होतो आणि सौ. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंबरोबर खेळत होती. दुखणं सोसता आलं असतं हो. त्या दोघी जिंकत होत्या, ते सोसवेना.

पण बाकावर बसून जे दिसलं, ते खेळताना कधी दिसलं नव्हतं. माझी सारी उमेदीची वर्षं बॅडमिंटनमध्ये गेली. त्या रॅकेटचं वजन ८०-९० ग्रॅम. फटका सारा मनगटाचा. पॅडल त्याच्या अडीचपट भारी, आणि मी मनगट तसंच झटकत होतो. टेनिसवाल्यांचं उलट असतं. त्यांना ३०० ग्रॅमची सवय, म्हणून पॅडल त्यांना खेळण्यातलं वाटतं आणि ते खांद्यातून हाणतात. टेबल टेनिसवाले सुखी. त्यांची बॅट पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि जवळून चेंडू थोपवायची हाताला सवय. तेव्हा पॅडल घेताना पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, की आपला हात कुठून आला आहे?

दुसरा प्रश्न अवघड, कारण त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. आपण कसे खेळतो? कसं खेळायला आवडेल, हे नव्हे. पातळ पॅडलवरून चेंडू ताडकन सुटतो. ज्याला मागच्या रेषेवरून जोरात मारायचं आहे आणि तो चेंडू कोर्टात ठेवायचा आहे, त्याला ते वरदान. जाड पॅडल चेंडूचा जोर पोटात घेतं; मधल्या ठिकाणापासून जरा बाजूला लागला तरी फटका फार बिघडत नाही. आमच्या वयाचे दहापैकी नऊ फटके जाळीलगतचे असतात. जाळीपासून ७ फुटांचा जो पट्टा आहे, त्याला 'किचन' म्हणतात. त्यात उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही, असा नियम. (हे नाव ऐकून सौ. म्हणाली, "तिथेही तुमचं काही चालत नाही म्हणा!") त्या पट्ट्यात चेंडू अलगद टाकायचा, तर पॅडल उतावळं असून चालत नाही.

वजनाचंही तसंच. भारी वाईट आणि हलकं चांगलं, इतकं ते सोपं नाही. फार हलकं घेतलं तर जोर आपल्याच हाताने लावावा लागतो, वर चेंडू लागताच पॅडल हातात वळतं. २१० ते २३० ग्रॅमच्या दरम्यान बहुतेकांचं जमतं. लांबट पॅडलची पोच जास्त, पण वजन टोकाला गेलेलं असतं. एकेरी खेळणाऱ्याने ते जरूर घ्यावं. लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या पुढे जायची नाही, असा नियमच असल्यामुळे लांबी वाढली की रुंदी घटते. आपण पैसे मोजून काय सोडतो आहोत, ते तिथेच दिसतं.

मुठीकडे तर कुणी बघतच नाही. पॅडल धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. मूठ बारीक असली तर वर पट्टी गुंडाळून भरता येते, जाड असली तर तासता येत नाही. माझी बारीक होती. ती घट्ट आवळून धरण्यानेही कोपराचा घात केला असणार. सगळा दोष वजनावर ढकलणं बरोबर नाही.

हात बरा झाल्यावर मी दुकानात गेलोच नाही. आठवडाभर कोर्टावरच्या मंडळींकडून रोज एक पॅडल मागून घेतलं. कुणी नाही म्हणत नाही. शेवटी जे घेतलं, ते १६ मिलिमीटरचं, २२० ग्रॅमचं. रंग सोडला तर सौ.च्याच पॅडलचं भावंडं. ती काही बोलली नाही, फक्त पट्टी गुंडाळून दिली.

जुनं पॅडल भाच्याला दिलं. परवा तो मित्राला घेऊन आमच्याविरुद्ध खेळायला आला. त्याचे पहिले चार फटके मला दिसलेही नाहीत. पाचवा सौ.ने जागच्या जागी थोपवला आणि जाळीपलीकडे अलगद सोडला. तो धावत आला आणि हवेतच हाणायच्या घाईत किचनमध्ये पाय टाकून मोकळा झाला. सर्व्हिस आमच्याकडे आली.