नाव ठेवा, नावं ठेवू नका

तुम्ही कॉम्प्युटरवर म्युझिक करत असाल, तर ‘साउंड्स’ किंवा तत्सम नावाचं एक फोल्डर तुमच्याकडे असणारच. त्यात सिंथेसायझरचे फुकट मिळालेले शेकडो पॅच असतील. त्यातले वापरलेत किती, ते जाऊ दे. पण तुम्ही स्वतः बनवून दुसऱ्याला दिलेला एक तरी पॅच त्यात आहे का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असेल. ते बदलायला हवं, असं आम्हाला वाटतं.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅच म्हणजे बहुतेक वेळा आवाजाचं रेकॉर्डिंग नसतं. आवाज कसा घडवायचा, याचे ते आकडे असतात. गोडा मसाला नव्हे, आजीने लिहून ठेवलेलं त्याचं प्रमाण म्हणा. म्हणून तो उघडून बघता येतो, कमी-जास्त करून शिकता येतं आणि दुसऱ्याला दिला तरी आपल्याकडचा संपत नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे यामाहाचा डीएक्स७. १९८३ मध्ये आलेल्या या कीबोर्डचा इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत ऐकू येतो. पण त्यावर नवा आवाज बनवणं म्हणजे डोक्याला ताप! फिरवायला नॉब नाहीत, दोन ओळींचा छोटासा डिस्प्ले आणि एका आवाजामागे दीडशेच्या आसपास आकडे. त्यामुळे बहुतेक जण कंपनीने दिलेलेच आवाज वाजवायचे. ज्या थोड्यांना हे जमलं, त्यांचे पॅच मग हातोहात फिरू लागले. मासिकांत आकड्यांचे तक्ते छापून यायचे आणि वाचणारा बटणं दाबून एकेक आकडा भरायचा. त्याच वर्षी आलेल्या ‘मिडी’ या जोडणीमुळे हे पॅच वायरमधून कॉम्प्युटरवर उतरवता येऊ लागले. ही मिडीसुद्धा डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, वापरासाठी फी न आकारता सगळ्या कंपन्यांना खुली ठेवली गेली. २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. डीएक्स७च्या ३२ आवाजांची अख्खी बँक साधारण चार किलोबाइटची. फॅमिली ग्रुपवरचा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

तो कीबोर्ड बाजारातून जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली. आवाज मात्र गेले नाहीत. राफ लेव्हियन यांनी अँड्रॉइडसाठी डीएक्स७च्या पद्धतीने आवाज काढणारा कोड लिहिला आणि तो खुला केला. तो घेऊन पास्कल गोतिए यांनी ‘डेक्स्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर बनवलं. त्याचाच आधार घेऊन हौशी मंडळींनी ‘मिनीडेक्स्ड’ केलं, जे रास्पबेरी पायच्या छोट्याशा बोर्डावर एका वेळी आठ डीएक्स७ चालवतं. आणि चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेली बँक यात आजही जशीच्या तशी उघडते. या साखळीतला एक जण जरी ‘माझं मी कुणाला देणार नाही’ म्हणून बसला असता, तरी पुढचं काही झालं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, ‘शेअरिंग तर आम्ही रोज करतो, हॉस्टेलवर क्रॅक केलेल्या प्लगइनचा पेनड्राइव्ह फिरतोच की!’ नाही भावा, ते वेगळं. क्रॅक म्हणजे बनवणाऱ्याने न दिलेली वस्तू उचलणं. शिवाय सोबत व्हायरस येतो तो बोनस. आणि त्याची गरजही उरलेली नाही. ‘सर्ज’ हा एकेकाळी विकला जाणारा सिंथ त्याच्या निर्मात्याने २०१८ मध्ये खुला केला. आज स्वयंसेवक तो सांभाळतात. घ्यायला पैसे लागत नाहीत, कोड वाचायची मुभा आहे. अट एवढीच की त्यात बदल करून पुढे दिलंत, तर तुमचाही कोड त्याच अटींवर खुला ठेवायचा आणि मूळ नावं पुसायची नाहीत.

घोडं नेमकं या नावापाशीच अडतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात, हळदीत, गणपतीत ऑक्टापॅड वाजतो. त्याचे ढोलकीचे, संबळाचे पॅच या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतात. चार हात फिरून आलेल्या फाइलचं नाव ‘न्यू ढोलकी फायनल २’ झालेलं असतं. ती कुणी रात्र जागून बनवली, हे कुणालाच माहीत नसतं. काही वादकांचं पोटच त्यांच्या खास आवाजावर चालतं. त्यांनी पॅच विकला किंवा स्वतःपाशी ठेवला, तर तो त्यांचा हक्क आहे. विकत घेतलेला पॅच ग्रुपवर टाकून देणं हा दिलदारपणा नव्हे, तो दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म आहे.

दुसरी अडचण आपल्या जिभेची. फर्स्ट इयरचा एखादा पोरगा धीर करून स्वतःचा पहिला पॅच किंवा शंभर ओळींचा छोटा सिक्वेन्सर ग्रुपवर टाकतो. त्यावर पहिला रिप्लाय काय, तर ‘हे तर पिपाणी वाजतंय’ आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. तो पुन्हा काही टाकत नाही. हौशी लोकांना पगार मिळत नाही, बढती मिळत नाही. ‘मी वापरलं, आवडलं, इथे अडकतंय’ एवढं कुणी म्हटलं, की तीच त्यांची कमाई. ती द्यायलाही आपण कंजुषी करायची?

म्हणून या शनिवार-रविवारी एवढं करा. फोल्डरमधला आवडता पॅच उघडा, आकडे हलवून बघा आणि त्यातून स्वतःचा एक बनवा. सोबत चार ओळींची टेक्स्ट फाइल जोडा : कुणी बनवला, कोणत्या पॅचवरून बनवला, कोणत्या सिंथवर चालतो, इतरांनी तो कसा वापरलेला चालेल. त्यात कुठल्या गाण्यातून कापलेला तुकडा नाही ना, तेही तपासा. मग बिनधास्त पाठवून द्या. आणि समोरून कुणाचा आला, तर आधी त्याचं नाव वाचा. चुका काय, त्या नंतर सांगता येतील.