बाळाचं मधलं नाव ठरलंय का?

मुलगा झाला की ग्रुपवर मेसेज येतो, ‘र’वरून नाव सुचवा. पन्नास नावं येतात. मधल्या नावाचा विषयच निघत नाही, कारण ते बापाचं, ठरलेलं.

पण मंडळी, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदावरचा क्रम बदललाय. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. यावर ‘पोराच्या नावापुढं बाईचं नाव कसं दिसतं?’ म्हणणारे मला भेटलेत. संजय लीला भन्साळी म्हणताना यांची जीभ अडखळत नाही! आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत राजा गौतमीपुत्र सातकर्णी आईच्याच नावानं कोरलाय.

माझं म्हणणं एवढंच, आता बाळाचं नाव आईच्या नावाला जोडून मोठ्यानं म्हणून बघा. ‘ओम उमा’चं पटकन ‘ओमुमा’ होतं. ‘रोहन उमा’ छान वाटतं. जुळत नसेल तर बाळाचं नाव बदला, आईचं गाळू नका. (तिच्या स्वतःच्या नावात अजून नवऱ्याचंच नाव मधे आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.)

खरी गडबड वेगळीच होते. लग्नात सासरी नाव बदललेलं, पण आधारवर माहेरचंच. मग दवाखान्यात नातेवाईक घाईत फॉर्म भरतात आणि घरात हाक मारतात ते नाव टाकून मोकळे होतात. पुढं शाळेत, पासपोर्टला तेच नडतं. फॉर्म आईच्या हातात द्या, तिला वाचू द्या, मगच सही करा.