देवळाचे ड्रोन शॉट भरपूर झाले, आता माणसांचं ऐकून घ्या

पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा. विशेषतः उजनीच्या दोन्ही काठांवरच्या, म्हणजे आपल्या करमाळा-इंदापूरकडच्या मंडळींनी.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं. कुगावकडं इनामदारांच्या वाड्याच्या भिंती दिसायला लागतात. मग पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, ड्रोन उडतात, मागं बासरीचं नाहीतर शंखाचं म्युझिक लावून रील पडतात आणि लाखालाखानं बघितली जातात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. देऊळ देखणं आहेच, बघावं लोकांनी. पण त्याच देवळाच्या आवारात जिचं लग्न लागलं, ती बाई तिथून चार-सहा किलोमीटरवरच्या पुनर्वसित गावठाणात ओट्यावर बसलेली असते आणि तिच्याकडं कुणी फिरकत नाही. दगड पाण्यात पन्नास वर्षं टिकले, अजून पन्नास टिकतील. माणसाचं तसं नाही ना.

जरा हिशोब करा. धरण १९८० ला पूर्ण झालं. गावं उठली ती त्याच्या आगेमागे. तेव्हा विशीत असलेलं पोरगं आज पासष्टीच्या पुढं आहे. आणि ज्यांना गाव खऱ्या अर्थानं माहीत होतं, कुणाचा बांध कुठं, कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, पंचायतीत कुणाचा शब्द चालतो, ती चाळिशीतली माणसं आज असतील तर पंच्याऐंशी-नव्वदीत. गेल्या दोन-तीन वर्षांत मी स्वतः ज्यांच्याशी बोलायला बसलो त्यातले निम्मे आता नाहीत. त्यांचे आवाज माझ्याकडं आहेत एवढंच.

कुणी म्हणेल, सरकारकडं सगळं कागदावर आहेच की. आहे ना. भूसंपादनाचे निवाडे आहेत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, विहीर, आंब्याची झाडं किती, मोबदला किती. कागद म्हणून ते फार महत्त्वाचे आहेत, जपलेच पाहिजेत. पण एका आजीनं मला सांगितलं, सामान बैलगाडीत भरून झाल्यावर तिच्या सासूनं रिकामं घर शेणानं सारवून घेतलं, उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं आणि मग गाडीत बसली. घर बुडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजी म्हणाली, "आवं, पारोसं घर कसं टाकून जायचं?" हे कुठल्या निवाड्यात सापडेल?

आणि नुसतं डोळ्यांत पाणी आणणारंच असतं असं नाही. कामाची माहितीही असते. भोई समाजातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं मला तासभर फक्त वाळू समजावून सांगितली. नदीचं पात्र मोकळं असताना वाळूत कलिंगडाच्या वाड्या कशा धरायच्या, कुठल्या महिन्यात आळी करायची, पहिला पूर यायच्या आत सगळं कसं उरकायचं. शाळेत न गेलेला माणूस, पण नदीचं वेळापत्रक तोंडपाठ. त्याची नातवंडं आता त्याच पाण्यात मासेमारी करतात, पण ती नदी त्यांनी पाहिलेलीच नाही. त्यांनी पाहिला तो समुद्रासारखा पसरलेला फुगवटा.

दोन काठांचंही तसंच. आधी पलीकडच्या गावात लेक दिली तर माय सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची. उन्हाळ्यात तर चालतच. धरण झालं आणि समोर दिसणारं गाव रस्त्यानं लांबच्या लांब गेलं. डिकसळचा जुना ब्रिटिशकालीन रेल्वेपूल रस्त्यासाठी वापरून आपण कित्येक वर्षं दिवस काढले. नाहीतर होडी. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जीव गेले तेव्हा चॅनेलवाल्यांनी विचारलं, लोक एवढा धोका पत्करून जातातच कशाला? याचं उत्तर जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. ती एकाच पंचक्रोशीची गावं होती. सोयरीक, बाजार, जत्रा सगळं एक. पाणी मध्ये आलं म्हणून नाती थोडीच तुटतात? पुलाची मागणी करताना ही साक्ष समोर ठेवली असती तर ती मागणी जास्त वजनदार झाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काम होऊ शकतं का? झालेलं आहे, तेही महाराष्ट्रातच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायचं निमित्तच संपलं. त्या आधी हे झालं म्हणून वाचलं. आज त्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. बायकांनी नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, भावाबद्दल, बाबासाहेबांबद्दल जे मोकळेपणानं कुणाला सांगितलं नाही ते जात्याला सांगितलं, ते सगळं त्यात आहे. दुसरं उदाहरण कुंडलचं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं रेल्वे अडवून इंग्रजांचा खजिना काढून घेतला. त्यात पुढं असलेले कॅप्टन भाऊ लाड २०२२ मध्ये गेले. पण जायच्या आधी त्यांची सविस्तर मुलाखत झाली, त्यांच्या तोंडून ती हकिकत नोंदली गेली. प्रतिसरकारातल्या किती जणांच्या वाट्याला हे आलं?

आणि ही काही साहेबांकडून शिकायची विद्या नाही. सांगली-कोल्हापूरकडं हेळवी येतात. घराण्याच्या पिढ्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतात, धान्य घेतात आणि पुढच्या गावाला जातात. आपल्याकडं तोंडी सांगितलेल्याला किंमत होती. आता आपण तोंडी म्हणजे खोटं आणि छापील म्हणजे खरं असं धरून चाललो आहोत.

आता या कामावरचे आक्षेप. मला तोंडावर ऐकवलेले आहेत म्हणून लिहितो.

पहिला, म्हातारी माणसं काहीही सांगतात, सालं चुकवतात. चुकवतात, खरं आहे. साल विचारूच नये. "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेलता, त्याच्या आधी का नंतर?" असं विचारावं. मिलो ज्वारीची भाकरी आणि वाटपाची सुकडी ज्यानं खाल्ली तो ते वर्ष कधी विसरत नाही. इंदिराबाई गेल्या ते साल, किल्लारीचा भूकंप, मोठ्या लेकाचं लग्न, अशा खुंट्या असतात. त्याला धरून बरोबर काळ लागतो. मग शाळेचं जनरल रजिस्टर, सातबारा, निवाडा यांच्याशी ताडून बघायचं. दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर दोन्ही ठेवायच्या. आपण कोर्ट नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "जुनी मढी उकरू नका. गावात शांतता आहे, ती बिघडेल." हे सांगणारे बहुतेक वेळा गावच्या मध्यभागी राहणारे असतात, एवढं मी निरीक्षण म्हणून नोंदवतो. एका पुनर्वसित गावात दलित वस्तीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला सांगितलं, पाणी चढायला लागलं तेव्हा काही दिवस सगळं गाव एकाच पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. एकाच हंड्यातलं पाणी प्यालं. मग नवीन गावठाणात प्लॉट पडले आणि ज्याचा त्याचा वाडा पुन्हा वेगळा झाला. ते हे रागानं सांगत नव्हते. हसून सांगत होते, "थोडे दिस पाण्यानं एक केलतं बघा." गावची स्मरणिका छापली जाते तेव्हा त्यात माजी सरपंचांचे फोटो असतात, देणगीदारांची यादी असते, देवस्थानाचा महिमा असतो. ही शेड नसते. मग जो इतिहास पोरांच्या हातात पडतो तो अर्ध्या गावाचाच. नोंद करायची तर गावकुसाबाहेरून सुरुवात करा असं मी सरळ म्हणतो, कारण तिथली माणसं आधी विसरली जातात. तसंच बायकांचं. पुरुष बसला की बाई आत जाते किंवा "ह्येच सांगतील" म्हणते. बाईशी बोलायला बाईनं जावं, दुपारी, निवडायटिपायला बसलेली असते तेव्हा.

तिसरा आक्षेप पैशाचा. हा मात्र मला मान्य नाही. एका गावानं गेल्या वर्षी स्वागत कमान उभी केली. कमानीला माझा विरोध नाही, पण त्या खर्चाच्या एका कोपऱ्यात गावातल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाचं बोलणं नोंदवून झालं असतं. लागतं काय? कुठलाही बरा मोबाईल, शांत खोली, पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर. तासाभरापेक्षा जास्त दमवायचं नाही. मध्ये मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही. ते "व्हता", "गेलता", "न्हाई" म्हणतात, लिहून काढताना तसंच लिहायचं, पुस्तकी करायचं नाही. फाईलला माणसाचं नाव, गाव, तारीख द्यायची, नाहीतर सहा महिन्यांनी ऑडिओ कुणाचा तेच कळत नाही. कॉपी दोन ठिकाणी, एक तरी मोबाईलच्या बाहेर.

आणि परवानगी. हे नवीन युट्यूबवाल्या मित्रांना हात जोडून सांगतो. म्हातारा माणूस विश्वासानं बोलतो. भावकीतल्या वादाचं, जमिनीचं, एखाद्या बाईच्या अब्रूचं बोलून जातो. ते संध्याकाळी "उजनीचं काळं रहस्य" म्हणून टाकायचं नसतं. रेकॉर्ड झाल्यावर त्यांनाच ऐकवा, काय ठेवायचं काय झाकायचं ते त्यांना ठरवू द्या. काही गोष्टी वीस वर्षांनी उघडा असं कुणी म्हणालं तर तसं लिहून ठेवा. व्ह्यूज मिळणार नाहीत, ठीक आहे.

हे मी धरणाच्या विरोधात लिहीत नाही. उजनीनं ऊस दिला, कारखाने आले, सोलापूरला पाणी मिळतं. आमच्या घरी येणारा पैसाही शेवटी या बाजारपेठेतनंच येतो. पण राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, आणि उजनीचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं. त्या मधल्या काळात लोक कसे उठले, कुठं राहिले, कुणाला जमीन मिळाली, कुणाला नुसता कागद, हे त्या लोकांनीच सांगायला हवं. काही गावांच्या नावापुढं नंबर लागले. वांगी नंबर १, नंबर २, नंबर ३. आजच्या शाळेतल्या पोरांना वाटतं नंबर पहिल्यापासूनच होता.

तर मागणी एवढीच. बाधित गावांच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. महाविद्यालयांच्या एनएसएस शिबिरात झाडलोट आणि रॅलीऐवजी एक वर्ष हे काम द्यावं, पोरं छान करतात, मी पाहिलंय. जमा होईल त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक तालुक्याच्या ठिकाणी राहावी. आमच्या पत्रकार मंडळींपैकी चौघे-पाचजण रविवारी वेळ द्यायला तयार आहेत. ज्यांच्या घरात जुनं गाव पाहिलेलं माणूस आहे त्यांनी मला इनबॉक्समध्ये फक्त गावाचं नाव आणि सोयीचा वार कळवा. नाव, पत्ता, फोन खाली जाहीर टाकू नका. सुरुवात तब्येतीनं जे जास्त थकलेत त्यांच्यापासून करू. ऐकायला कमी येत असेल तरी चालेल, प्रश्न मोठ्यानं विचारू.